गेला होता, म्हणजे परत आला!

गेल्या शुक्रवारी संध्याकाळी टीममधल्या पोरांचे अप्रेझल फॉर्म भरत बसलो होतो. (बघा, पहिल्याच वाक्यात ‘होतो’ आला. आजचा सगळा लेख या एका ‘होतो’वर आहे.) लातूरकडचा एक मुलगा आहे टीममध्ये. कोड स्वच्छ लिहितो, रात्री-अपरात्री प्रॉडक्शनला काही झालं तर न कुरकुरता उठतो. त्याच्या फॉर्ममध्ये कोणीतरी आधीच एक ओळ लिहून ठेवलेली: ‘कम्युनिकेशन नीड्स इम्प्रूव्हमेंट.’ खाली पुरावा म्हणून त्याच्या मेलमधली दोन वाक्यं. पहिलं, ‘आय अॅम नॉट अंडरस्टँडिंग द रिक्वायरमेंट.’ दुसरं, ‘आय हॅड टेस्टेड इट यस्टरडे.’

ती ओळ वाचली आणि पोटात जुना गोळा उठला. कारण शब्दन् शब्द हीच ओळ मी स्वतः खाल्लेली आहे.

झालं होतं असं. मी मूळचा नातेपुत्याचा. तालुका माळशिरस, जिल्हा सोलापूर. माउलींच्या पालखीच्या वाटेवरचं गाव, एवढं सांगितलं की पुण्यातल्या लोकांना पटकन कळतं. मराठी शाळेत शिकलो, इंग्रजीची एबीसीडी पाचवीत सुरू झाली, पुढे इंजिनिअरिंग आणि मग पुण्यात नोकरी. एका अमेरिकन क्लायंटचं काम होतं. कॉलवर मी सांगितलं, ‘वी हॅड डिप्लॉइड द फिक्स यस्टरडे.’ समोरचा म्हणाला, ओके. मीही खूश. दोन दिवस गेले तरी त्यांच्याकडून टेस्टिंगचा पत्ता नाही. तिसऱ्या दिवशी मेल आला, की तुम्ही फिक्स परत कधी टाकणार? मी चक्रावलो. परत म्हणजे काय? तो काढला कोणी?

त्याने ‘हॅड’ ऐकलं आणि गृहीत धरलं की काल फिक्स टाकला होता खरा, पण नंतर काहीतरी झालं आणि आता तो तिथे नाही. त्या आठवड्यात दोन बिल्ड आम्ही मागे घेतले होते, त्यामुळे त्याला शंकाही आली नाही. रिलीज पुढे गेला, वरपर्यंत मेलामेली झाली, आणि वर्षाच्या शेवटी माझ्या फॉर्मवर ती ओळ आली. ऑनसाइटला दुसरा गेला. मला तीन दिवसांच्या ‘सॉफ्ट स्किल’ ट्रेनिंगला बसवलं. तिथे हस्तांदोलन कसं करायचं ते शिकवलं. ‘हॅड’बद्दल कोणी चकार शब्द काढला नाही!

तेव्हा मी ठरवून टाकलं होतं की आपलं इंग्रजी कच्चं. हे फक्त कच्चेपण नाही, त्याला काही शिस्त आहे, हे कळायला पुढची बरीच वर्षं आणि बरेच शनिवार-रविवार लागले. ते सगळं आज एका जागी लिहून टाकतो.

तीन टाइमस्टॅम्प

हान्स रायशेनबाख नावाचा एक तत्त्वज्ञ होता. जर्मन, पुढे अमेरिकेत गेला. १९४७ साली त्याचं तर्कशास्त्रावरचं एक पुस्तक आलं. त्यात त्याने काळाबद्दल (व्याकरणातल्या काळाबद्दल) एक इतकी सोपी कल्पना मांडली आहे की कुठल्याही प्रोग्रॅमरला ती आवडावी. तो म्हणतो, क्रियापदाचा काळ समजायला दोन नाही, तीन वेळा लागतात. एक, घटना घडली ती वेळ. दोन, आपण बोलतोय ती वेळ. आणि तीन, आपण ज्या जागी उभं राहून त्या घटनेकडे बघतोय ती वेळ. थोडक्यात लॉगच्या एका ओळीला तीन टाइमस्टॅम्प.

आता इंग्रजीतलं ‘आय वेंट’ घ्या. घटना मागे, आणि बघण्याची जागाही तिथेच, घटनेपाशी. ‘आय हॅव गॉन’मध्ये घटना मागे, पण बघण्याची जागा आत्ता, बोलतोय तिथे. आणि ‘आय हॅड गॉन’? घटना मागे, बघण्याची जागा तिच्या आणि आत्ताच्या मधे कुठेतरी. म्हणूनच इंग्रज माणूस ‘हॅड’ ऐकलं की मधला तो तिसरा टाइमस्टॅम्प शोधायला लागतो. कशाच्या आधी गेला होतास? मग पुढे काय झालं? तुम्ही ते सांगितलं नाहीत तर तो स्वतःच्या मनाने भरतो. माझ्या क्लायंटने भरला तसा.

मराठीत बरोबर उलटं आहे. ‘दादा पुण्याला गेला’ म्हणालात तर ऐकणारा समजतो, दादा सध्या पुण्यात आहे. ‘दादा पुण्याला गेला होता’ म्हणालात तर दादा घरी परत आलाय, ओट्यावर बसून चहा पितोय. ‘काल मी बँकेत गेलो’ एवढंच बोलून गप्प बसून बघा. समोरचा म्हणेल, ‘बरं, मग?’ कारण त्याला ती गोष्टीची सुरुवात वाटते. ‘काल मी बँकेत गेलो होतो’ म्हटलं की वाक्य पुरं झालं. आपला ‘होतो’ फाइल बंद करतो आणि कपाटात ठेवतो. इंग्रजीतला ‘हॅड’ फाइल उघडी ठेवतो आणि पुढच्या पानाची वाट बघायला लावतो.

म्हणजे जिथे मराठी माणूस ‘मग?’ विचारतो, तिथे इंग्रज विचारत नाही, आणि जिथे इंग्रज विचारतो तिथे मराठी माणसाला विचारण्यासारखं काही दिसतच नाही. शाळेत मात्र आम्हाला शिकवलं, ‘हॅड’ म्हणजे ‘होता’. शब्दाला शब्द लावला, टाइमस्टॅम्प कोणी तपासलेच नाहीत.

आयर्लंडमधला ‘नंतर’

हे फक्त आपलंच रडगाणं आहे असं वाटत असेल तर आयर्लंडला चला.

आयर्लंडमधला माणूस इंग्रजीत म्हणतो, ‘आयॅम आफ्टर ब्रेकिंग द कप.’ याचा अर्थ, मी कप आत्ताच फोडलाय. लंडनच्या माणसाला हे कळत नाही. त्याला वाटतं हा कप फोडायच्या मागे लागलाय! जुन्या इंग्रजी नाटकांत आयरिश पात्रांची थट्टा करताना लेखकांनी हाच ‘आफ्टर’ वापरला, आणि तोही कितीदा चुकीच्या अर्थाने, भविष्यकाळासारखा. ज्याची नक्कल करायची त्याचं व्याकरण आधी समजून घ्यावं, एवढी तसदी कोण घेतो?

हे आलं कुठून? आयरिश भाषेतून. त्या भाषेत ‘आत्ताच केलंय’ हे सांगायला ‘मी करण्यानंतर आहे’ अशी रचना आहे. १८४५ पासूनच्या बटाट्याच्या दुष्काळात लाखो माणसं मेली, लाखो देश सोडून गेली, आणि त्यात सगळ्यात जास्त मार बसला तो आयरिश बोलणाऱ्या गरीब पश्चिमेला. १८५१ च्या जनगणनेत आयरिश बोलणारे सुमारे १५ लाख होते. १९११ पर्यंत ते ६ लाखांच्या आत आले. लोकांनी भाषा बदलली. शब्द इंग्रजी घेतले, पण काळाचे खण जुनेच ठेवले. घर बदललं तरी मांडणी आईच्या हातची राहते, तसं.

आणि ही मांडणी बोटीत बसून समुद्रही ओलांडून गेली. कॅनडाच्या पूर्व टोकाला न्यूफाउंडलंड नावाचं बेट आहे. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकात आग्नेय आयर्लंडमधून तिथे मासेमारीसाठी खूप लोक गेले. त्यांच्या वंशजांना आज आयरिश येत नाही, पण तिथल्या इंग्रजीत ‘आफ्टर’ अजून नांदतोय. भाषा गेली, काळ राहिला!

सिंगापूरला तर रोजचंच आहे. ‘आय ईट ऑलरेडी’, म्हणजे माझं जेवण झालंय. चिनी भाषांत ‘झालं’ दाखवायला क्रियेच्या मागे एक छोटा शब्द लागतो, त्याचं काम तिथल्या इंग्रजीत ‘ऑलरेडी’ करतो.

आपल्या अंगणातलं

आता इतक्या लांब जायचीही गरज नाही. सांगलीजवळ कुपवाड आहे. आज आपल्याला ते एमआयडीसीमुळे माहीत. पण जगभरच्या भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यांना कुपवाड माहीत आहे ते एका निबंधामुळे. जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन या दोघांनी तो लिहिला आणि १९७१ साली तो छापून आला. गावात कन्नड बोलणारे जैन, उर्दू बोलणारे मुसलमान, मराठी बोलणारे, शिवाय थोडे तेलुगू बोलणारे. शतकानुशतकं शेजारी. घरात आपापली भाषा, चावडीवर आणि रानात एकमेकांची. या दोघांना आढळलं की शब्द वेगवेगळे राहिलेत, पण वाक्याचा सांगाडा जवळजवळ एकच झालाय. एका भाषेतल्या वाक्यातला एकेक शब्द उचलून तिथेच दुसऱ्या भाषेतला ठेवला की वाक्य तयार. आपल्या भाषेत सांगायचं तर एपीआय एक, इम्प्लिमेंटेशन तीन.

दक्खनी उर्दू ऐकलीय का? हैदराबादची, सोलापूरची? उत्तरेतला माणूस म्हणतो, ‘मैंने रोटी खाई’. दक्खनीत म्हणतात, ‘मैं रोटी खाया’. भूतकाळातला तो ‘ने’ गळाला, आणि क्रियापद पोळीऐवजी खाणाऱ्याचं ऐकायला लागलं. तेलुगू आणि कन्नडमध्ये क्रियापद खाणाऱ्याचंच ऐकतं. उत्तरेतून सैन्याबरोबर, सुफींबरोबर आलेली भाषा दक्षिणेत राहिली आणि इथल्या शेजाऱ्यांसारखी बोलायला लागली.

पण इथे एक सावधगिरी. शेजार दिसला की लगेच ‘त्यांच्यामुळे झालं’ म्हणायचा मोह होतो. आमच्याच जिल्ह्याचं बघा. नातेपुत्याकडं विचारतात, ‘काय करतुयास?’ तिथून पूर्वेला सोलापूर शहरात गेलात की तोच प्रश्न ‘काय करलालास?’ होतो. आणखी पुढं लातूरकडं ‘काय करायलास?’ एका दिवसाच्या एसटी प्रवासात चालू वर्तमानकाळाची तीन रूपं! सोलापुरात तेलुगू बोलणारे पद्मशाली विणकर आहेत, कन्नड तर घराघरात आहे. मग हे ‘करलालास’ त्यांच्याकडून आलं का? ‘करायलास’मध्ये नीट बघितलं तर आपलंच ‘करायला’ बसलेलं दिसतं. विटा मराठीच आहेत. तेव्हा शेजार हा पुरावा नसतो, फक्त संशयाला जागा असते. डिबगिंगमध्ये आपण हेच शिकतो ना? शेवटचा कमिट ज्याचा, बग त्याचाच असतो असं नाही.

पाहुणी कोण?

आपल्या इंग्रजीची गोष्ट आयर्लंडपेक्षा थोडी वेगळी आहे. आपण भाषा सोडली नाही, दुसरी जोडीला घेतली. इथे पाहुणी खरं तर इंग्रजी. १८३५ साली मेकॉलेचं टिपण आलं, १८५७ साली मुंबई विद्यापीठ निघालं, आणि इंग्रजी ही नोकरीची भाषा झाली. ती शिकवली कशी? भाषांतर करून! तर्खडकरांच्या भाषांतर पाठमाला कित्येक पिढ्यांनी घोकल्या. आजोबांच्या ट्रंकेत एखादा भाग अजून सापडेल. मराठी वाक्य द्यायचं, इंग्रजी करून आणायचं. पद्धत उत्तमच होती, पण तिच्यामुळे डोक्यात एक कोष्टक पक्कं बसलं: ‘आहे’ समोर ‘इज’, ‘होता’ समोर ‘हॅड’, ‘तोय’ समोर ‘इंग’.

गंमत म्हणजे देवघेव एकतर्फी नव्हती. मराठीची सुरुवातीची बरीचशी व्याकरणं छापली गेली ती इंग्रजांच्या काळात. विल्यम कॅरीचं १८०५ चं, इंग्रजीत लिहिलेलं. मग १८३६ साली दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं मराठीतलं, तेही इंग्रजी व्याकरणाची चौकट समोर ठेवून. त्यामुळे शाळेत जे अपूर्ण वर्तमान, पूर्ण वर्तमान असे काळाचे खण पाठ करतो, त्यांच्यावर इंग्रजी कोष्टकाची सावली आहे. दोन भाषांचे खण इतके सारखे दिसले, की आत ठेवलेला मालही सारखाच असणार असं आपण धरून चाललो.

आता एक आकडा बघा. २०११ च्या जनगणनेत इंग्रजी ही मातृभाषा सांगणारे भारतात सुमारे २ लाख ६० हजार. दुसरी किंवा तिसरी भाषा म्हणून ती सांगणारे मात्र १२ कोटींच्या पुढे! म्हणजे आपल्यापैकी जवळजवळ प्रत्येकाने इंग्रजी अशा माणसाकडून शिकली, ज्याने ती स्वतः अशाच कोणाकडून शिकली होती. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं, पण शिकवणारे सर-बाई आपल्यातलेच. असं दीडशे-पावणेदोनशे वर्षं चाललं की त्याला चूक म्हणायचं की बोली? भाषाशास्त्रज्ञ ब्रज कचरू (मूळचे श्रीनगरचे, पुढे अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात) आयुष्यभर हेच सांगत राहिले, की भारतीय इंग्रजीला तिचे स्वतःचे नियम आहेत.

हे ‘इंग’ काय प्रकरण आहे?

निसिम इझिकेल हे मुंबईचे मोठे इंग्रजी कवी. बेने इस्रायली, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजातले. त्यांची मिस पुष्पा टी. एस. यांच्या निरोपसमारंभावरची कविता १९७६ च्या संग्रहात आहे. त्यात भाषण करणारा माणूस जमेल तिथे ‘इंग’ लावतो. वाचताना हसू येतं, आणि हसून झाल्यावर जरा अपराधीही वाटतं. हसणारे आपण कोण? त्याच्याही आधी, १८९७ साली, एफ. अॅन्स्टी नावाच्या इंग्रज लेखकाने ‘बाबू जबरजी’ नावाचं पात्र काढून अशीच हशाची पोळी भाजून घेतली होती.

‘आय अॅम नॉट अंडरस्टँडिंग’ कुठून येतं हे मराठी माणसाला सांगायला नको. ‘मला समजत नाहीये’, ‘मला दिसतंय’, ‘मला वाटतंय’, ‘ऐकू येतंय का?’ आपल्याकडे कळणं, दिसणं, वाटणं या सगळ्या चालू असलेल्या गोष्टी आहेत. इंग्रजीत ‘नो’, ‘अंडरस्टँड’ ही अवस्था मानतात, अवस्थेला ‘इंग’ लावत नाहीत.

पण इथेही तीच सावधगिरी. हा ‘इंग’ फक्त मराठी माणूस लावत नाही. तमिळ लावतो, पंजाबी लावतो, पार नायजेरियातला माणूससुद्धा लावतो. तेव्हा थोडं मातृभाषेचं, आणि थोडं कुठल्याही शिकणाऱ्याचं, की नियम दिसला की तो सगळीकडे लावून टाकायचा. ‘आय अॅम वर्किंग हिअर सिन्स २०१०’ हेही तसंच. आपण ‘२०१० पासून काम करतोय’ म्हणतो, जर्मन माणूसही वर्तमानकाळच वापरतो, फ्रेंचही. ‘हॅव बीन’ लावणारी इंग्रजीच इथे एकटी पडते!

आणि खुद्द इंग्रजीत तरी हा ‘इंग’ कुठे स्थिर आहे? ‘द हाउस इज बीइंग बिल्ट’ हे आज शाळेत शिकवतात. एकोणिसाव्या शतकात भल्याभल्यांना ते अडाणी वाटायचं. जुनी रीत ‘द हाउस इज बिल्डिंग’ अशी. रिचर्ड ग्रँट व्हाइट या अमेरिकन लेखकाने १८७० च्या पुस्तकात या नव्या ‘इज बीइंग’वर तोफ डागली होती. तोफ विरली, ‘इज बीइंग’ राहिलं. आणि २००३ पासून मॅकडोनल्ड्स जगभर ‘लव्ह’ला ‘इंग’ लावून बर्गर विकतंय. त्यांच्या अप्रेझलमध्ये कोणी लिहिलं का, कम्युनिकेशन नीड्स इम्प्रूव्हमेंट म्हणून? :)

तर मग फॉर्ममध्ये काय लिहिलं?

एवढं सगळं डोक्यात घोळवत मी त्या पोराच्या दोन वाक्यांकडे परत आलो, आणि लक्षात आलं की दोन्ही वाक्यं एका पारड्यात टाकण्यात चूक आहे.

‘आय अॅम नॉट अंडरस्टँडिंग’ने कोणाचंच नुकसान होत नाही. ऐकणाऱ्याला शंभर टक्के कळतं. फक्त बोलणारा कुठल्या शाळेत शिकला तेही कळतं, आणि आपण मार्क कापतो ते त्या शाळेचे. ‘हॅड टेस्टेड’ची गोष्ट वेगळी. तिथे अर्थच बदलतो. समोरच्याला वाटू शकतं की टेस्ट केलं होतं, पण आता ते लागू नाही. तिथे माझ्यासारखा फटका बसू शकतो. तेव्हा ते शिकवलंच पाहिजे, पण दोष म्हणून नाही. दोन भाषांचे टाइमस्टॅम्प वेगळे आहेत म्हणून.

सोमवारी त्याला कँटीनमध्ये घेऊन बसलो. टिश्यू पेपरवर रायशेनबाखचे तीन ठिपके काढले. ‘दादा पुण्याला गेला’ आणि ‘गेला होता’ सांगितलं. दहा मिनिटं लागली. पोरगं हुशार, पटकन म्हणालं, ‘सर, म्हणजे मधला ठिपका नसेल तर हॅड लावायचा नाही.’ बास! हेच मला तेव्हा कोणी दहा मिनिटांत सांगितलं असतं तर...

असो. फॉर्ममधली ती ओळ मी काढली. जागी लिहिलं, ‘स्टेटस मेलमध्ये भूतकाळ नीट वापरायला शिकलाय, बाकी अडचण नाही.’ वर त्याबद्दल विचारणा होईल कदाचित. होऊ दे. उत्तर तयार आहे, टिश्यू पेपरसकट.

जाता जाता एक. रविवारी गावाहून निघताना आईला म्हणालो, ‘येतो गं.’ जात होतो, म्हणालो ‘येतो’. फाटकाशी पोचलो तर आतून हाक आली, डबा राहिला म्हणून. मी ओरडलो, ‘आलो, आलो!’ अजून वळलोही नव्हतो, तरी म्हणालो ‘आलो’. भविष्यकाळ भूतकाळात घालून मोकळा झालो, आणि आईला तिसरा टाइमस्टॅम्प विचारावासा वाटला नाही. तिला बरोबर कळलं मी कुठे आहे ते.